जॅमा कॅबिनेटच्या १५ किलोहर्ट्झ मॉनिटरला पीएस२ आणि मेगा ड्राइव्ह जोडायचे आहेत, अ‍ॅडॉप्टर कोणता घ्यावा?

कॅबिनेट_कोथरूड

मंडळी, बंद पडलेल्या व्हिडिओ गेम पार्लरमधलं एक जॅमा (आर्केड गेम बोर्ड जोडायची ठरावीक पद्धत) कॅबिनेट घेतलंय. आत २० इंची पिक्चर ट्यूबचा मॉनिटर आहे, फक्त १५ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला सुमारे १५ हजार आडव्या ओळी काढत, चालणारा. चेसिसवर कंपनीचं नाव नाही. इनपुटला लाल, हिरवा, निळा, सिंक (ओळ आणि चित्र कुठे सुरू होतं ते सांगणारा सिग्नल) आणि ग्राउंड अशा पाच तारा येतात. गेम बोर्ड लावला की चित्र स्वच्छ दिसतं, म्हणजे मॉनिटर ठणठणीत आहे.

आता याच मॉनिटरवर पीएस२ (प्लेस्टेशन २) स्लिम आणि सेगाचा मेगा ड्राइव्ह २ हे कन्सोल चालवायचे आहेत. पुढे जमलं तर निन्टेन्डो स्विचही. प्रश्न असे:

१. जीबीएस-८२०० नावाचं बोर्ड सगळीकडे मिळतं, त्याने काम होईल का?
२. पीएस२ साठी व्हीजीए केबल मिळते, ती चालेल का?
३. कन्सोलचे आरजीबी (लाल-हिरवा-निळा) थेट जॅमा कनेक्टरवर जोडले तर काय बिघडेल?
४. आवाजाचं काय करायचं?

सोल्डरिंग येतं, मल्टीमीटर आहे, ऑसिलोस्कोप नाही.

सोल्डर_आणि_चहा

जीबीएस-८२०० घेऊ नका. ते उलट्या दिशेचं सामान आहे. १५ किलोहर्ट्झचा गेम बोर्ड ३१ किलोहर्ट्झच्या व्हीजीए मॉनिटरवर दाखवण्यासाठी ते बनवलंय. तुमच्याकडे मॉनिटरच १५ चा आहे. ‘सुपरगन’ नावाने जे मिळतं तेही उलटच, गेम बोर्ड घरच्या टीव्हीला लावायचं. सर्च केलं की ही दोनच आधी समोर येतात आणि निम्मे लोक तिथेच पैसे घालवतात.

पीएस२ ची व्हीजीए केबल तर नकोच. ती ४८०पी मोडसाठी (४८० ओळी एकाच फेरीत) असते, म्हणजे ३१ किलोहर्ट्झ, आणि त्यात सिंक हिरव्या तारेवर चढलेला असतो. असा सिग्नल १५ च्या जुन्या मॉनिटरला दिला तर चित्र येत नाहीच, वर हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टरवर ताण येऊन तो उडूही शकतो. शिट्टीसारखा बारीक आवाज आला तर त्याच क्षणी बंद करा.

आनंदाची गोष्ट ही की तुमच्या दोन्ही कन्सोलना स्कॅन कन्व्हर्टर लागतच नाही. दोघंही मुळात १५ किलोहर्ट्झचं आरजीबी देतात. मेगा ड्राइव्ह २४०पी देतो. पीएस२ वर पीएस१ च्या डिस्क लावल्या तर बहुतेक २४०पी, पीएस२ चे स्वतःचे गेम बहुतेक ४८०आय (एकाआड एक ओळी, दोन फेऱ्यांत). जुळवायच्या गोष्टी दोनच, रंगांची पातळी आणि सिंक.

रंग: कन्सोल ७५ ओहमच्या लोडवर ०.७ व्होल्ट पीक-टू-पीक देतो. जॅमा गेम बोर्ड ३ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून जास्त देतात, आणि मॉनिटरचं इनपुट ७५ ओहमचं नसून साधारण १ किलोओहम किंवा त्याहून वरचं असतं. थेट जोडलं तर काही जळत नाही, पण चित्र काळपट येतं. म्हणून मध्ये तीन चॅनलचा व्हिडिओ अ‍ॅम्प हवा, साधारण ४ ते ४.५ पट गेनचा, प्रत्येक इनपुटवर ७५ ओहम ग्राउंडला.

सिंक: मॉनिटरला निगेटिव्ह कॉम्पोझिट सिंक टीटीएल पातळीवर हवा, म्हणजे ५ व्होल्टचा. पीएस२ च्या आरजीबी केबलमध्ये सिंक साध्या कॉम्पोझिट व्हिडिओतून येतो, १ व्होल्टचा, वर त्यात चित्र आणि रंगही मिसळलेले. त्यातून सिंक वेगळा काढायला एलएम१८८१ ही आठ पायांची चिप:

पाय ८ ला ५ व्होल्ट, पाय ४ ग्राउंड, दोन्हींमध्ये ०.१ मायक्रोफॅरड. पाय ६ पासून ग्राउंडला ६८० किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड समांतर. व्हिडिओ आधी ६२० ओहममधून, मग ५१० पिकोफॅरड ग्राउंडला, मग ०.१ मायक्रोफॅरडमधून पाय २ ला. पाय १ वर स्वच्छ सिंक मिळतो. ६२० ओहम आणि ५१० पिकोफॅरडची जोडी रंगाचा सबकॅरियर दाबते, ती गाळू नका.

जॅमा कनेक्टरवर: पार्ट साइडला १२ लाल, १३ निळा, १४ व्हिडिओ ग्राउंड. सोल्डर साइडला एन हिरवा, पी सिंक. ५ व्होल्ट ३, ४, सी, डी वर. ग्राउंड १, २, ए, बी वर. ७ आणि एच ही की आहे, तिथे काही नसतं. कनेक्टर उलटा बसला तर ५ आणि १२ व्होल्ट नको तिथे जातील, म्हणून की बसवाच.

ठाणे_सीआरटी

वरचं सगळं बरोबर आहे, पण त्याआधी एक काम. चेसिस हॉट आहे का ते तपासा. त्याशिवाय कन्सोल जोडू नका.

पुष्कळ जुन्या आर्केड मॉनिटरमध्ये मेन्सचा करंट थेट ब्रिज रेक्टिफायरवर जातो. अशा चेसिसचं ग्राउंड म्हणजे प्रत्यक्षात मेन्सचीच एक बाजू. कॅबिनेटमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असतो म्हणून गेम बोर्ड सुरक्षित राहतो. कुणीतरी मधल्या काळात तो काढून टाकला असेल आणि तुम्ही कन्सोल लावला, तर कन्सोल जाईल आणि कंट्रोलरला हात लावणाऱ्याला २३० व्होल्टचा झटका बसेल.

तपासणी: प्लग भिंतीतून काढा, अर्धा तास थांबा. मल्टीमीटर डायोड मोडवर. एक प्रोब मॉनिटरच्या व्हिडिओ ग्राउंडवर, दुसरा मॉनिटरच्या स्वतःच्या पॉवर कनेक्टरच्या एका पिनवर, मग दुसऱ्या पिनवर, मग प्रोब उलटे करून. कुठेही ०.५ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर चेसिस हॉट. चारही वेळा ओपन आलं तर चेसिसमध्येच आयसोलेशन आहे. आता हीच तपासणी कॅबिनेटच्या भिंतीकडच्या प्लगच्या लाइन आणि न्यूट्रल पिनवर करा. मॉनिटर हॉट आणि इथे ओपन, तर मध्ये ट्रान्सफॉर्मर आहे. इथेही ०.५ आलं तर काम थांबवा आणि १५०–२०० व्हीएचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणा.

एक सापळा खास आपल्याकडचा. बाहेरून आलेला मॉनिटर ११० व्होल्टचा असतो आणि लोक त्याला बाजारातला स्टेप-डाउन लावतात. त्यातले बरेच ऑटोट्रान्सफॉर्मर असतात, एकाच वाइंडिंगचे. व्होल्टेज कमी होतं, आयसोलेशन शून्य. दुकानदार ‘कन्व्हर्टर’ म्हणतो, तुम्ही प्रायमरी आणि सेकंडरीमध्ये ओहम मोजा. काही ओहम आले तर तो इथे निरुपयोगी. लॅमिंग्टन रोडला किंवा तुमच्या तपकीर गल्लीत विचारताना ‘डबल वाइंडिंग, २३० ते ११०’ असंच सांगा.

ट्यूबच्या लाल टोपीपासून लांब राहा. तिथे २० किलोव्होल्टच्या वर असतं आणि बंद केल्यावरही साठून राहतं.

पंधरा_किलोहर्ट्झ

अ‍ॅम्प हवाच या मताशी पूर्ण सहमत नाही. ०.७ व्होल्ट ही पातळी ७५ ओहमचं टर्मिनेशन (तारेच्या टोकाला ग्राउंडशी जोडलेला रेझिस्टर) असताना. कन्सोलच्या बाजूला ७५ ओहम सिरीजमध्ये असतातच, त्यामुळे टर्मिनेशन काढलं की तेच १.४ व्होल्टच्या जवळ जातं. मॉनिटरच्या नेक बोर्डावर (ट्यूबच्या मानेवरचं बोर्ड) रंगांची ताकद बदलणारे तीन ड्राइव्ह पॉट आणि रिमोट बोर्डावर (तारेने बाहेर आणलेलं अ‍ॅडजस्टमेंटचं छोटं बोर्ड) कॉन्ट्रास्ट असेल तर तेवढ्यात चालण्यासारखं चित्र येतं. केबल दीड मीटरच्या आत असेल तर १५ किलोहर्ट्झला रिफ्लेक्शनचा त्रास डोळ्याला दिसत नाही.

सोल्डर_आणि_चहा

चालतं, मान्य. पण मग गेम बोर्ड परत लावला की सगळं भडक, प्रत्येक वेळी पॉट फिरवा. कॅबिनेट दोन्हींसाठी वापरायचं असेल तर अ‍ॅम्पच बरा. टीएचएस७३१४ किंवा टीएचएस७३७४ वापरून बनवलेले स्वस्त बोर्ड ‘आरजीबी अ‍ॅम्प’ म्हणून मिळतात. त्यांचा गेन ६ डेसिबल, म्हणजे फक्त दुप्पट. ते कन्सोल मॉडिंगसाठी आहेत. आउटपुटचे ७५ ओहम काढून उघडे ठेवले तरी १.४ च्या जरा वर, म्हणजे तुमच्या फुकटच्या उपायाइतकंच. विकत घेताना ‘आर्केड’ किंवा ‘जॅमा’ लिहिलेला, तिन्ही रंगांना वेगळे पॉट असलेला अ‍ॅम्प बघा.

आणि क्लॅम्प (काळ्याची पातळी जागेवर धरून ठेवणारं सर्किट) आहे का ते विचारा. कन्सोलच्या केबलमध्ये कपॅसिटर असतात, त्यामुळे डीसी पातळी हरवते. गेम बोर्ड डीसी पातळीसकट सिग्नल देतो आणि बरेच आर्केड मॉनिटर तेच गृहीत धरतात. क्लॅम्प नसेल तर स्क्रीनवर मोठा पांढरा भाग आला की काळा आणखी खाली दबतो, अंधाराचा सीन आला की काळा राखाडी होतो. क्लॅम्प हवाच असेल तर एलएम१८८१ च्या पाय ५ वर बॅक पोर्चच्या (सिंकनंतर लगेचचा काळा भाग) वेळचा पल्स आयता मिळतो.

म्युनिकहून_मराठी

युरोपात हे सगळं स्कार्टवर (टीव्हीमागचं अनेक पायांचं रुंद सॉकेट) चालतं. तुम्हीही तेच करा, प्रत्येक कन्सोलसाठी वेगळं सर्किट बनवत बसू नका. कॅबिनेटमध्ये एक स्कार्ट सॉकेट बसवा, त्यामागे अ‍ॅम्प आणि एलएम१८८१, त्यापुढे जॅमा. मग कन्सोल बदलला की फक्त केबल बदलायची.

स्कार्टचे पाय: १५ लाल, ११ हिरवा, ७ निळा, २० व्हिडिओ किंवा सिंक, ग्राउंड १३, ९, ५ आणि १७. आवाज २ उजवा, ६ डावा, ४ ग्राउंड. ८ आणि १६ हे टीव्हीला मोड बदलायला सांगणारे पाय आहेत, आर्केड मॉनिटरला त्यांचा उपयोग नाही, मोकळे सोडा.

केबल घेताना बघायच्या गोष्टी. पीएस१ आणि पीएस२ च्या केबलमध्ये तिन्ही रंगांवर २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सिरीजमध्ये हवा, पॉझिटिव्ह टोक कन्सोलकडे. स्वस्त केबलमध्ये तो गाळलेला असतो. प्लगचं कव्हर उघडून पाहा. जपानी आरजीबी केबल दिसायला हुबेहूब स्कार्ट, पण आतले पाय वेगळे, तिला हात लावू नका.

पुढेमागे सुपर निन्टेन्डो आणलात तर जास्त जपा. अमेरिकन आणि जपानी मशीनच्या मल्टी-आउटवर (मागचं व्हिडिओ सॉकेट) पिन ३ ला कॉम्पोझिट सिंक असतो, पाल (युरोपातली टीव्ही पद्धत) मशीनवर त्याच पिनला १२ व्होल्ट असतात. शिवाय अमेरिकन आणि जपानी मशीनच्या केबलला २२० मायक्रोफॅरड लागतात, पालला त्याऐवजी प्रत्येक रंगापासून ग्राउंडला ७५ ओहम. दोन केबल अदलाबदल करायच्या नसतात.

पाल गेम ५० हर्ट्झचे: ३१२ ओळी, १५.६२५ किलोहर्ट्झ. ६० हर्ट्झच्या गेममध्ये २६२ ओळी, १५.७ च्या आसपास. मॉनिटर दोन्ही पकडतो, पण व्हर्टिकल साइज आणि कधी कधी व्हर्टिकल होल्ड फिरवावा लागतो.

कॅबिनेट_कोथरूड

सगळ्यांचे आभार. चेसिस स्वतःच आयसोलेटेड निघाला, चारही वेळा ओपन. स्कार्ट सॉकेट, क्लॅम्पवाला आर्केड अ‍ॅम्प आणि एलएम१८८१ असं बोर्ड केलं. स्कार्टवरून येणारा पीएस२ चा व्हिडिओ एलएम१८८१ मधून जातो. मेगा ड्राइव्हच्या केबलमध्ये वेगळा कॉम्पोझिट सिंक आहे, म्हणून एका स्विचने तो चिपला वळसा घालून सरळ मॉनिटरला दिलाय. मॉनिटरकडे जाणाऱ्या चारही तारांवर स्विचच्या पुढे ७५ ओहम ग्राउंडला लावले आहेत.

लक्षणं: पीएस२ चं चित्र येतं पण हिरवंगार आणि अंधुक, वरची इंचभर पट्टी उजवीकडे वाकते. मेगा ड्राइव्हचे रंग ठीक पण मंद, चित्र सतत वर सरकत राहतं, होल्ड फिरवूनही थांबत नाही.

सोल्डर_आणि_चहा

हिरवा रंग वायरिंगचा नाही. पीएस२ अजून कॉम्पोनंट मोडमध्ये आहे. टीव्हीला पिवळ्या पिनने लावा, डिस्क न घालता सुरू करा, सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये ‘कॉम्पोनंट व्हिडिओ आउट’ आरजीबी करा. डीव्हीडी सिनेमा लावलात तर तो पुन्हा हिरवा दिसेल, कारण सिनेमासाठी पीएस२ बहुतेक मॉडेलमध्ये आरजीबी देतच नाही. गेमला अडचण नाही.

बाकी सगळ्याचं मूळ ते मॉनिटरकडचे ७५ ओहम. एलएम१८८१ चं आउटपुट लॉजिक गेटसारखं आहे, त्याला ७५ ओहम ओढता येत नाहीत. पातळी कोसळते, मॉनिटर कसाबसा लॉक होतो आणि वरचा भाग वाकतो. मेगा ड्राइव्हमध्ये हिशेब आणखी सोपा: सिंक ५ व्होल्टचा, स्कार्ट केबलमध्ये त्यावर ४७० ओहम असतो. त्यापुढे ७५ ओहम ग्राउंडला म्हणजे ५ गुणिले ७५ भागिले ५४५, जवळपास ०.७ व्होल्ट. टीटीएलची वाट बघणाऱ्या मॉनिटरला तो दिसतच नाही. चित्र मंद आहे तेही त्याचमुळे. रंगांच्या तारांवर अ‍ॅम्पच्या पुढे ७५ ओहम लावून तुम्ही अ‍ॅम्पवर नसता बोजा टाकलाय.

उपाय: चारही ७५ ओहम स्कार्टच्या बाजूला आणा, म्हणजे रंगांचे अ‍ॅम्पच्या आधी आणि सिंकचा एलएम१८८१ च्या आधी. अ‍ॅम्पच्या इनपुटवर ७५ ओहम आधीच असतील तर रंगांचे तीन नुसते काढून टाका. मॉनिटरच्या बाजूला एकही नको.

स्विचही काढा. मेगा ड्राइव्हचा सिंक ०.७ व्होल्ट होऊन एलएम१८८१ मध्ये जाऊ दे. त्या चिपला ०.५ ते २ व्होल्टचा सिग्नल चालतो, आणि बाहेर दोन्ही कन्सोलसाठी सारखाच ५ व्होल्टचा सिंक मिळेल. फक्त केबलमध्ये तो ४७० ओहम आहे याची खात्री करा. नसेल तर बिचारा मेगा ड्राइव्ह थेट ७५ ओहमवर लागेल.

पंधरा_किलोहर्ट्झ

हे झाल्यावर चित्र एका बाजूला सरकलेलं दिसेल. गेम बोर्ड आणि कन्सोल यांचं ब्लँकिंग (ओळीच्या कडेचा कोरा वेळ) सारखं नसतं. रिमोट बोर्डावरचा हॉरिझॉन्टल पोझिशनचा पॉट फिरवा. रुंदीसाठी कॉइल असेल तर तिच्या गाभ्यात प्लास्टिकचं षटकोनी ट्रिमर टूलच घाला. लोखंडी अ‍ॅलन कीने इंडक्टन्स बदलतो आणि ठिसूळ फेराइट तुटतो तो वेगळाच.

पीएस२ च्या ४८०आय गेममध्ये आडव्या बारीक रेषा थरथरतील. तो बिघाड नाही, इंटरलेसच आहे. ब्राइटनेस थोडा उतरवला की कमी जाणवतो.

निन्टेन्डो स्विचबद्दल: तो एचडीएमआयवर ४८०पी, ७२०पी किंवा १०८०पीच देतो. एचडीएमआय ते व्हीजीए हा छोटा डोंगल रिझोल्यूशन बदलत नाही, फक्त डिजिटलचं अ‍ॅनालॉग करतो, त्यामुळे बाहेर किमान ३१ किलोहर्ट्झच. मध्ये खरा डाउनस्केलर लागतो, एक्स्ट्रॉनच्या इमोशियासारखा, जो व्हीजीए घेऊन १५ किलोहर्ट्झ आरजीबी आणि सिंक देतो. जुने इमोशिया सेकंडहँड मिळतात. पण एकूण पाहता स्विचच्या मेन्यूतली अक्षरं २० इंचावर, ४८०आयला वाचायची म्हणजे शिक्षाच.

त्यापेक्षा मिस्टर एफपीजीए (जुन्या कन्सोलची हुबेहूब नक्कल करणारं बोर्ड) घ्या. मिस्टर डॉट आयएनआय फाइलमध्ये डायरेक्ट व्हिडिओ १ आणि कॉम्पोझिट सिंक १ केलं की साध्या एचडीएमआय-व्हीजीए डोंगलमधूनही मूळ १५ किलोहर्ट्झच बाहेर येतं, स्केलर मधून निघून जातो. डोंगलमध्ये एजी६२०० चिप असलेली चांगली चालतात. रंगांची पातळी मात्र ०.७ व्होल्टच, म्हणून तुमचा अ‍ॅम्प तिथेही लागेल.

पीसी जोडायचा असेल तर अल्टिमार्कचं जे-पॅक. त्यात व्हिडिओ अ‍ॅम्प आहे, हॉरिझॉन्टल-व्हर्टिकल सिंक एकत्र होतात, आणि विंडोज सुरू होताना येणारा ३१ किलोहर्ट्झ ते मॉनिटरपर्यंत पोचू देत नाही.

ठाणे_सीआरटी

आवाजाचा प्रश्न राहिला. जॅमाचे १० आणि एल हे पाय थेट स्पीकरला जातात, बोर्डावरच अ‍ॅम्प असतो हे धरून. कन्सोल लाइन लेव्हल देतो, त्याने स्पीकर कुजबुजेलही नाही. १२ व्होल्टवर चालणारं टीडीए७२९७ चं तयार बोर्ड घ्या. डावा आणि उजवा प्रत्येकी १ किलोओहममधून एकत्र करून एकाच चॅनलच्या इनपुटला द्या. या चिपचं आउटपुट ब्रिज प्रकारचं आहे, म्हणून स्पीकरची एकही तार ग्राउंडला लावायची नाही आणि दोन चॅनलची आउटपुट एकमेकांना जोडायची नाहीत.

पीएएम८४०३ स्वस्त आहे, पण तो ५ व्होल्टवर चालतो आणि तीच लाइन एलएम१८८१ आणि व्हिडिओ अ‍ॅम्पला गेली तर मोठ्या आवाजाला चित्रात तिरके पट्टे येतात. वापरायचाच असेल तर १२ वरून वेगळा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं छोटं बोर्ड) करून द्या.

शेवटी कॅबिनेटची पॉवर सप्लाय. गेम बोर्ड काढलात की ५ व्होल्टवर जवळजवळ लोडच उरत नाही, आणि काही स्विचिंग सप्लाय तशा अवस्थेत १२ व्होल्ट नीट धरत नाहीत किंवा सुरूच होत नाहीत. ५ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये १० ओहम, १० वॉटचा सिरॅमिक रेझिस्टर लावा. अर्धा अँपिअर ओढतो, अडीच वॉट तापतो, म्हणून लाकडापासून दूर, पत्र्यावर बसवा. लावल्यावर ५ व्होल्ट मोजून ४.९५ ते ५.१ मध्ये आणा, आणि गेम बोर्ड परत बसवला की पुन्हा मोजा.